नऊ मिनिटांचं गाणं आणि बारा वर्षांचा अबोला

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखक बेळगावात टिळकवाडीला राहतात, चाळिशी ओलांडलीय, घरचा व्यवसाय सांभाळतात. इंजिनिअरिंगच्या दिवसांत चौघांनी मिळून प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, बँड काढला. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, गोवा इथं वाजवलं, चार गाण्यांचा एक छोटा अल्बम, म्हणजे ईपीही काढला. २०१३ मध्ये कीबोर्ड वाजवणारा मित्र भांडून पुण्याला गेला आणि कुणालाही काही न सांगता बँड थांबला. आता उरलेले तिघं पुन्हा जमलेत: पत्रलेखक गिटारवर, खानापूरचा मित्र बास आणि गाण्यावर, हुबळीत नोकरी करणारा ड्रमवर. साडेनऊ मिनिटांचं नवं मराठी गाणं बसलंय. त्याच्या सुरुवातीची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा, मात्र पुण्याच्या मित्राची, २०१२ची. ते विचारतात: “आता आम्हाला कोण ओळखतं? एवढं लांब कोण ऐकणार? साडेतीन मिनिटांचं करून टाकावं का? रिफचे दोन-चार सूर बदलले तर चालेल ना? त्याला विचारलं तर तो नाहीच म्हणणार. आणि बेळगावात मराठी गाणं काढलं की लोक वेगळाच अर्थ लावतात, म्हणून इंग्रजीत करा असंही काही जण सांगतात. हाताशी साठ हजार आहेत, निम्मे व्हिडिओला ठेवलेत.”

तुमचे प्रश्न चार आहेत, पण चारही एकाच भीतीतून आलेत: ऐकणारा हातचा जाईल. म्हणून गाणं आखूड करायचं, मित्राची खूण झाकायची, भाषा कुणाला खुपणार नाही अशी घ्यायची आणि वर व्हिडिओवर तीस हजार घालायचे. यातला एकही निर्णय संगीताच्या कारणानं होत नाहीये. गाणं कसं झालंय, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. ते वाचून वाईट वाटलं, कारण बारा वर्षांनी तिघं एका खोलीत येऊन साडेनऊ मिनिटांची रचना बसवतात, ही साधी गोष्ट नव्हे.

“आम्हाला कोण ओळखतं” हे खरं असेल, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष पटत नाही. ज्याला तुमचा बँड माहीतच नाही, त्याच्या लेखी हे पुनरागमन नाहीच. त्याच्यासाठी हे तुमचं पहिलं गाणं. मधला खंड त्याला ठाऊक नाही, तेव्हा त्याची भरपाईही त्याला नको. आणि ज्यांना तुम्ही आठवता, ते कॉलेजच्या हॉलमध्ये उभं राहून तुमची लांब गाणी ऐकलेले लोक आहेत. साडेतीन मिनिटांचं गाणं नेमकं यांतल्या कुणासाठी करायचंय, हे तिघांनी एकदा बसून ठरवा.

लांबीकडे येतोच. त्याआधी रिफ, कारण तुम्ही जो प्रश्न एका वाक्यात उरकलात तोच सगळ्यांत निकडीचा आहे.

सूर बदलून चालणार नाही. अमुक इतके सूर किंवा अमुक सेकंद घेतले तर चालतं, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. रचनेचा महत्त्वाचा भाग घेतला का, एवढंच पाहिलं जातं, आणि गाणं जिच्यावर उभं आहे ती रिफ महत्त्वाचीच ठरणार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चाल बांधणारा तो संगीतकार, मग ती कागदावर लिहिलेली असो वा नसो. हक्क रचनेबरोबरच तयार होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. तुमच्या बँडात तसा कागद कधी झाला नसणार, कॉलेजच्या बँडांत होतच नाही. म्हणजे ती रिफ आजही त्याचीच आहे. “बँडची आहे” या म्हणण्याला कायद्यात आधार नाही.

इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत नेहमी होते. एक रचना, दुसरं रेकॉर्डिंग. रिफ तुम्ही नव्यानं वाजवली तर रचनेची परवानगी लागते. पण जुन्या ईपीतला किंवा डेमोतला त्याचा कीबोर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात टाकला, तर रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी लागते. रेकॉर्डिंगचा मालक म्हणजे ते करून घेण्याची जबाबदारी ज्यानं उचलली तो. तेव्हा चौघांनी वर्गणी काढली असेल तर मालकीही चौघांची धरून चाला.

“तो नाहीच म्हणणार” हे तुम्ही बारा वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल बोलताय. आज तो काय म्हणेल ते तुम्हाला माहीत नाही. तेव्हा विचारा. फोनवर नको, फोनवर जुनं भांडण पहिल्या दोन मिनिटांत वर येतं. तिघांच्या ग्रुपमध्ये त्याला ओढूनही नको. एकट्या तुम्ही, एकच मेसेज, डेमो जोडून. साधारण असा:

“अरे, बऱ्याच वर्षांनी लिहितोय. आम्ही तिघं पुन्हा वाजवायला लागलोय. एक नवं गाणं झालंय, त्याच्या सुरुवातीला तुझी २०१२ची सात मात्रांतली रिफ आहे. डेमो जोडलाय, अजून कुणाला ऐकवलेला नाही. तू वाजवणार असशील तर आम्हाला फार आवडेल. नसशील, तर संगीतकार म्हणून तुझं नाव आणि तुझा वाटा ठेवून आम्ही ती वाजवू का? दोन्ही नको असेल तर ती काढून टाकू, मोकळेपणानं सांग. ड्रम रेकॉर्ड करायचेत, त्याआधी, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत कळव.”

यात भांडणाचा उल्लेख नाही, तो मुद्दाम टाळलाय. तुमच्याकडून काही चुकलं असेल आणि माफी मागायची असेल तर ती जरूर मागा, पण वेगळी, दुसऱ्या दिवशी, सोबत काहीही न मागता. एकाच मेसेजात माफी आणि परवानगी आली की माफी परवानगीसाठी मागितल्यासारखी वाटते, आणि ते त्याला दिसणारच.

तो गप्प राहिला तर? मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, हा होकार नव्हे. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग थांबा. दरम्यान सुरुवातीसाठी दुसरी रिफ तयार ठेवा. ती त्याच सातात, त्याच गतीत आणि त्याच स्वरावर संपणारी असू द्या, म्हणजे पुढचं गाणं जागचं हलणार नाही. हे काम आजच सुरू करा. पर्याय हाताशी असला की तुमच्या मेसेजातला “काढून टाकू” हा शब्दही खरा राहतो.

होकार आला तर वाटा सेकंद मोजून ठरवू नका. प्रोगची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकची, गाणी सरावाच्या खोलीत चौघांच्या हातून घडतात, कुणाचं किती याचा हिशेब लागत नाही. चाल चौघांत २५-२५ टक्के हा सगळ्यांत कमी भांडणाचा मार्ग. गीताचे शब्द वेगळे, ते ज्यानं लिहिले त्याचे. रेकॉर्डिंगची मालकी तिसरी, ती या वेळी पैसे घालणाऱ्यांची. हे तीन रकाने एका कागदावर आखा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं आधारवरचं पूर्ण नाव, प्रत्येक रकान्याची बेरीज १००, खाली सह्या. शिवाय दोन ओळी लिहा: गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर चढवणारं वितरणाचं खातं कोण सांभाळणार, आणि आधी खर्च वसूल करून मग वाटणी की पहिल्या रुपयापासून वाटणी. पुण्याच्या मित्राची सही पीडीएफवर आली तरी पुरे. पुढं गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्याल तेव्हा गाणं नोंदवताना हेच टक्के लागतात. दोघांनी वेगवेगळे आकडे भरले की पैसे अडकतात.

याच निमित्तानं एक गोष्ट शोधून काढा: जुना ईपी ज्या खात्यातून स्पॉटिफाय वगैरेंवर गेला, किंवा जिथं कुठं चढवला होता, ते खातं कुणाच्या ईमेलवर आहे? बहुतेक वेळा ते नेमकं बँड सोडून गेलेल्याच्या ईमेलवर निघतं. वार्षिक वर्गणीची सेवा असेल आणि वर्गणी थांबली असेल तर गाणी उतरलेलीही असू शकतात. ती पुन्हा चढवताना जुनाच आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी क्रमांक, आणि नावाचं तेच स्पेलिंग द्या, म्हणजे जुने आकडे जुळण्याची शक्यता राहते. नवं गाणं देताना “आधीपासून असलेला कलाकार” हा पर्याय निवडून तुमच्याच पानाचा दुवा टाका. तो रकाना रिकामा सोडला तर गाणं त्याच नावाच्या भलत्याच बँडच्या पानावर जाऊन बसतं आणि तिथून हलवायला आठवडे जातात.

आता लांबी. मोठ्या बँडांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्यात. येस हा ब्रिटिश बँड १९८१ मध्ये मोडला आणि १९८३ मध्ये ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ घेऊन परतला. ते आटोपशीर गाणं जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. टूल या अमेरिकी बँडनं १३ वर्षांनी, २०१९ मध्ये जे पहिलं गाणं दिलं ते दहा मिनिटांहून लांब होतं, तरी अमेरिकेच्या पहिल्या शंभरांत शिरलं. पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड २०२१ मध्ये पाच मात्रांतलं आठ मिनिटांचं गाणं घेऊन आला. यातून लांबीचा नियम निघत नाही. पण एक लक्षात घ्या: येसचं ते गाणं मुळातच छोटं बेतलेलं होतं, लांब गाण्याचे हातपाय तोडून केलेलं नव्हतं. तुम्हाला छोटं गाणं हवं असेल तर छोटं नवं लिहा.

पैशासाठी म्हणाल तर स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, गाणं तीन मिनिटांचं असो की नऊ. आणि मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच सुरू होत नाहीत. सीमाभागातल्या बँडनं या आकड्यांपायी रचना बदलावी असं त्यात काही नाही.

पण साडेनऊ मिनिटांतलं प्रत्येक मिनिट राखण्याजोगं आहे, असंही नाही. लांब गाण्यात पहिली शंका सुरुवातीवर घ्यावी. गिटारचा नुसता गुंजारव दीड-दोन मिनिटं चालत असेल तर तो ४० सेकंदांवर आणा. रंगमंचावर तो अंधारात, दिव्यांसह चालतो. घरी हेडफोनवर ऐकणाऱ्याला तिथं धरून ठेवणारं काही नसतं. दुसरी शंका रिफच्या पुनरावृत्तीवर: आठ वेळा वाजते तिथं चार वेळा वाजवून पाहा, पण चौथ्या वेळी बासची चाल बदला. तिसरी शंका सोलोवर, आणि ती तुम्ही स्वतः घेऊ नका, ड्रमरला घेऊ द्या. याची चाचणी सोपी आहे. सरावाचं रेकॉर्डिंग गाणं कधीच न ऐकलेल्या दोघांना ऐकवा आणि त्यांचा हात मोबाइलकडे कुठं जातो तेवढं मिनिट-सेकंद टिपा. काय वाटलं ते विचारू नका, ओळखीचे लोक छानच म्हणतात. गाणं आठ मिनिटांवर आलं तर ते भीतीनं नव्हे, ऐकून आलेलं असेल.

एवढं करूनही स्थानिक रेडिओसाठी किंवा कार्यक्रमाच्या आयोजकांसाठी छोटी आवृत्ती हवीच असेल तर ती तयार मास्टरमधून, म्हणजे शेवटच्या पक्क्या फाइलमधून, कापू नका. मिक्सच्या टप्प्यावर, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, वेगवेगळ्या ट्रॅकमधून कापा. तयार स्टीरिओ फाइल कापली की आधीच्या भागातल्या क्रॅश झांजेची आणि रिव्हर्बच्या घुमाऱ्याची शेपटी पुढच्या भागात लटकते किंवा मधेच तुटते, आणि जोड उघडा पडतो. कापायची जागा नेहमी बारच्या (आवर्तनाच्या) पहिल्या ठोक्यावर, दोन्ही बाजूंना गती आणि स्वर तोच असेल अशी. आणि छोट्या आवृत्तीला स्वतंत्र आयएसआरसी लागतो, पूर्ण गाण्याचाच क्रमांक तिला देऊ नका.

रेकॉर्डिंगचं सांगतो, कारण खंड पडलेल्या बँडचं गाणं बहुतेक इथंच मार खातं. हुबळी ते बेळगाव शंभरेक किलोमीटर आहे, ड्रमर दर रविवारी येऊ शकत नाही. तेव्हा प्रत्यक्ष भेटींत फक्त एकच ध्येय ठेवा: गाणं सलग तीनदा न थांबता पूर्ण वाजणं. ते होईपर्यंत स्टुडिओची तारीख घेऊ नका.

त्याआधी टेम्पोचा नकाशा, म्हणजे कुठल्या भागात किती गती याची नोंद, करून तिघांकडे एकच फाइल ठेवा. ७/८च्या, म्हणजे सात मात्रांच्या, भागात क्लिक (कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका) क्वार्टर नोटवर, म्हणजे दर दोन मात्रांना, ठेवला तर बारमध्ये साडेतीन क्लिक बसतात. म्हणजे एका बारमध्ये क्लिक ठोक्यावर येतो, पुढच्या बारमध्ये दोन ठोक्यांच्या मधे, आणि ड्रमर नेमका तिथं घसरतो. क्लिक एट्थ नोटवर, म्हणजे दर मात्रेला, घ्या आणि जोर पहिल्या, चौथ्या आणि सहाव्यावर द्या, ३+२+२. सातातून चारात जाताना एट्थ नोटची गती तीच ठेवा. गती बदलायचीच असेल तर बारच्या सीमेवर बदला, बारच्या पोटात नाही.

३+२+२ हा आपल्याकडे रूपक तालाचाच बांधा आहे. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. अभंग, भावगीतं, कन्नड वचनं ऐकत वाढलेल्या बेळगाव-धारवाडच्या कानाला सात मात्रा अवघड नाहीत, त्या फक्त रॉकच्या पद्धतीनं वाजवल्या की अवघड वाटतात. कारण रॉकचा ड्रमर पहिल्या ठोक्यावर किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मारतो, आणि रूपकची सम, म्हणजे पहिली मात्रा, ही खाली (टाळीविना) असते, तिथं डग्ग्याचा घुमारा नसतो. तो येतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. तुमच्या गाण्यात गायन सुरू होतं तिथं किक पहिल्यावरून काढून चौथ्या-सहाव्यावर ठेवून पाहा आणि बासही तसाच हलवा. शब्द मोकळे होतील, आणि रिफ परतेल तेव्हा पहिल्यावरची किक दुप्पट जोरात लागेल. गाण्याचे दोन भाग वेगळे वाटायला लांबीपेक्षा हे जास्त कामाला येतं.

पैसे ड्रमवर घाला, बाकी सगळं घरी होतं. चांगल्या खोलीत दोन दिवस: पहिला जुळवणीचा, दुसरा वाजवण्याचा. आठ चॅनेल, म्हणजे आठ माइक, पुरतात: किक, स्नेअर, दोन टॉम, हायहॅट, दोन ओव्हरहेड (वरून लावलेले माइक), एक खोलीचा. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, दोरी धरून मोजा. अंतर कमीजास्त झालं तर स्नेअरचा आवाज दोन वेळांना पोचतो, फेज बिघडते, म्हणजे दोन आवाज एकमेकांना खातात, आणि स्नेअर पातळ लागते. मिक्समध्ये ते पुरतं सुधारत नाही. स्नेअरचं कातडं नवं घाला, पण आदल्या दिवशी, म्हणजे ते ताणून स्थिर होईल. पातळी अशी ठेवा की सर्वांत जोराचा ठोका उणे १० डीबीच्या आसपास जाईल. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला त्याहून वर ढकलून काहीच मिळत नाही.

गिटार घरी घेताना अँपच्या आवाजाबरोबर कोरा डीआय सिग्नलही, म्हणजे अँपशिवाय थेट गिटारचा आवाज, दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. टोन नंतर बदलता येतो, हात बदलता येत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात दमटपणानं गिटारची मान हलते, म्हणून जूनपासून पुढं रेकॉर्ड करत असाल तर प्रत्येक बैठकीआधी बाराव्या पट्टीवर इंटोनेशन, म्हणजे सूर बरोबर लागतोय का ते, तपासा. लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवा. घुरघुर येत असेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून पाहा. थांबली, तर घरच्या वायरिंगचं अर्थिंग बघून घ्यायला हवं. गणेशोत्सवाच्या दहा-अकरा दिवसांत घरी माइक उघडायचा विचारच करू नका.

तिघांनी सुरुवातीलाच रेकॉर्डिंगचं माप ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठरवा आणि लिहून ठेवा. एकानं ४८वर रेकॉर्ड केलेली फाइल दुसऱ्याच्या ४४.१च्या प्रोजेक्टमध्ये न बदलता वाजली तर ती सावकाश चालते आणि जवळपास दीड सेमिटोन खाली उतरते. मग खानापूर म्हणतं गिटार बेसूर आहे, बेळगाव म्हणतं बास. प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू करून द्या, बासचा प्रवेश चौथ्या मिनिटाला असला तरी. नावात वाद्य, टेक आणि तारीख एवढं असलं की पुरे.

मास्टर करणाऱ्याला “जोरात कर” म्हणू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या जोराचं माप) सगळ्यांना आणून ठेवतं, म्हणजे उणे ८वर दाबून दिलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि दाबताना चिरडलेले ठोके तेवढे उरतात. रश या कॅनडाच्या बँडनं सहा वर्षांच्या खंडानंतर २००२ मध्ये ‘व्हेपर ट्रेल्स’ काढला, तो इतका जोरात आणि फाटका झाला होता की २०१३ मध्ये सगळा अल्बम पुन्हा मिक्स करून काढावा लागला. तुमच्या गाण्यात हळू आणि जोराचा फरक हाच जीव आहे. तो वाचवा, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

भाषेबद्दल थोडक्यात. शब्द मराठीत सुचले, मराठीत ठेवा. इंग्रजीत उलटवलेलं गाणं तुमच्या गायकाच्या तोंडी कसं बसेल ते तुम्हीच ऐकून पाहा, शब्दांचा आघात आणि रिफचा आघात जुळणार नाहीत. लोक अर्थ लावतील ही भीती समजते, सीमाभागात राहून ती नसेलच असं म्हणणं खोटं होईल. पण याच पट्ट्यात कुमार गंधर्व सुळेभावीला जन्मले, गदग जिल्ह्यातल्या रोणचे भीमसेन जोशी अभंगही गायले आणि कन्नड दासरपदंही, आणि ऐकणाऱ्यांनी दोन्ही आपलीच मानली. तुमच्या ड्रमरचे हुबळीचे मित्रही ऐकणारच आहेत. पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हीत करा, गाण्याखाली चार ओळींत कन्नड भावार्थ द्या, तो कन्नड नीट येणाऱ्याकडून लिहून घ्या, यंत्राकडून नको. वितरणाच्या अर्जात गीताची भाषा मराठी टाका. गाण्याचं नाव देवनागरीत द्या आणि शोधायला सोपं जावं म्हणून वर्णनात रोमन लिपीतही लिहा.

व्हिडिओचे तीस हजार मागे घ्या. साडेनऊ मिनिटांचा बरा व्हिडिओ तेवढ्यात होत नाही, आणि वाईट झाला तर गाण्याला खाली खेचतो. त्याऐवजी सरावाच्या खोलीत मोबाइल तिवईवर ठेवून रिफचा आणि सातातून चारात उतरण्याचा भाग सलग एका टेकमध्ये घ्या, आवाज मात्र मिक्समधला जोडा. ४० सेकंदांचे असे दोन-तीन तुकडे पुरतात. छोट्या गाण्याकडून तुम्हाला जे काम हवं होतं ते हे तुकडे करतील, गाण्याला हात न लावता.

साठ हजारांची वाटणी साधारण अशी धरा (आकडे हजारांत): ड्रमच्या दोन दिवसांना १८, मिक्स आणि मास्टरला २२, तारा-कातडी-केबल-प्रवासाला ८, मुखपृष्ठाला ४, आणि ८ हातचे. दर आधी विचारा, बेळगाव, हुबळी, कोल्हापूर आणि गोव्यात फरक पडतो. मिक्सचे किती फेरबदल त्या पैशांत बसतात हे लेखी घ्या. प्रोगच्या गाण्याला किमान तीन फेऱ्या लागतात, कारण तीन वेगवेगळ्या भागांचा तोल एका बैठकीत जमत नाही. मुखपृष्ठ चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर ईमेल, फोन नंबर किंवा दुसऱ्या सेवेचा लोगो नको, नाहीतर अर्ज परत येतो.

प्रकाशनाची तारीख मास्टर हातात आल्यावरच ठरवा, आणि ती पुढं चार आठवड्यांची ठेवा. गाणं वितरकाकडे लगेच चढवा. स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून प्लेलिस्टसाठी अर्ज प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी गेला पाहिजे, गाणं बाहेर आल्यावर तो करता येत नाही. त्या अर्जात “बारा वर्षांनी पुनरागमन” याला एक वाक्य द्या. उरलेल्या जागेत गाणं कशाचं आहे, कोणत्या भाषेत आहे, सात मात्रा कुठून आल्या आणि कोण काय वाजवतंय ते लिहा. पुण्याच्या मित्राचा होकार आला असेल तर संगीतकारांत त्याचं नाव चढवलंय ना, ते पाठवण्याआधी पुन्हा एकदा पाहा, कारण एकदा बाहेर पडलेली श्रेयनामावली सगळ्या सेवांवर दुरुस्त व्हायला बराच वेळ लागतो.